पुसूनबाईचं ताट

आमच्या स्वयंपाकघरात उष्ट्याची बादली नव्हती. दोनशे वीस मुलंमुली दिवसातून तीन वेळा जेवतात आणि उष्ट्याची बादली नाही, असं सांगितलं की लोक मला खोटारडी म्हणतात. म्हणोत बापडे. एकवीस वर्षं नव्हती, कारण ताटं परत घ्यायच्या खिडकीत पुसूनबाई उभी असायची.

आमची संस्था वायरिंग, वेल्डिंग, सुतारकाम शिकवणारी. मुलं दोन वर्षं तिथेच राहतात, तिथेच जेवतात. जेवणघराच्या टोकाला कमरेइतक्या उंचीची खिडकी, खिडकीला पत्र्याचा ओटा आणि ओट्यापलीकडे ती. ठेंगणा बांधा, रुंद मनगटं, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. ताट ओट्यावर आलं की ती ते उजेडाकडे तिरपं करायची. भाताची दोन शितं चालायची. तिसरं दिसलं की ताट परत. “संपव. मी उभी आहे.” एवढंच म्हणायची, आवाज न चढवता. ओरडणाऱ्याला कसंही गुंडाळता येतं, उभं राहणाऱ्याचं काय करणार?

“पुसून खा” हे दिवसातून शंभरदा तोंडात, म्हणून मुलांनी नाव पाडलं पुसूनबाई. समोर मात्र सगळे नुसतं बाई म्हणायचे, मीसुद्धा. मी तिची दुय्यम, एकोणीस वर्षं. वाढायचं काम माझं, म्हणून ती मला पळी म्हणायची. माझ्या आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव त्या स्वयंपाकघरात एकालाही ठाऊक नव्हतं.

तिचा एक नियम आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. ती ताट बघायची, तोंड बघायची नाही. “तोंडं बघत बसले तर निम्मं जेवण गटारात जाईल,” म्हणायची. “एकीला घरची आठवण येते, दुसऱ्याचं प्रेम मोडलेलं असतं, तिसऱ्याला भाजी कडू लागते. मला ताट दाखवा.” मुलं काय कमी असतात? ज्याला जेवण जात नसेल तो आपलं ताट शेजारच्या खादाडापुढे सरकवायचा. तिला ते खिडकीतून लख्ख दिसायचं. पण कुणी खाल्लं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ताट रिकामं आलं की ती पुढच्याकडे वळायची.

हे खूळ कुठून आलं ते तिने मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलता सोलता. सहा भावंडांत ती थोरली. आई धाकट्यांना आधी वाढायची आणि हिला सांगायची, त्यांच्या ताटातलं उरेल ते तू खा. भावंडं पोटभर जेवली की ही उपाशी. एखादं आजारी पडलं की हिची चंगळ.

“धाकट्याला ताप आला की मला आनंद व्हायचा,” ती म्हणाली आणि बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने उपटून काढला. “उष्टं म्हणजे काय ते मला विचार. कुत्र्याला घालावं, माणसाला नाही.”

मी मान खाली घालून सोलत राहिले. तिला कीव दाखवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

आणि कीव यावी असं तिने माझ्यासाठी ठेवलंही नव्हतं. माझ्या मुलाच्या वेळी मला तिसरा महिना होता, नुसत्या फोडणीच्या वासाने पोट उलटायचं. कामगारांच्या टेबलावर मी अर्धं ताट टाकून उठले. तिने मला परत बसवलं. खाल्लं, मागच्या दाराशी जाऊन ओकले, तोंड धुऊन आले. बघते तर ताट पुन्हा वाढलेलं. “पोट रिकामं झालं ना? मग बस,” म्हणाली. बाकीचे सगळे मान खाली घालून जेवत होते. त्या दिवशी मी ते ताट संपवलं. माझा मुलगा आता कॉलेजात जातो, पण ते ताट मला अजून पचलेलं नाही.

नवरा तिचा ट्रकवर होता. एका खेपेला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. एक लेक, ती शिकून लांबच्या शहरात ऑफिसात लागली. दर रविवारी फोन यायचा, ही तो उभ्या उभ्या घ्यायची आणि “बरी आहे, तू जेवलीस का?” म्हणून ठेवून द्यायची.

बारा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या छातीत काहीतरी हाताला लागलं. धड गाठही नव्हती, नुसता जाडसरपणा, पिठात पाणी कमी पडावं तसा. कॅन्सर निघाला. ती बाजू काढून टाकली. आठ आठवड्यांनी ही खिडकीत हजर, डाव्या बाजूला स्वयंपाकघराचा रुमाल चौघडी घालून कोंबलेला. एकदा भातावरची वाफ काढताना तो रुमाल घसरून पोटावर आला. हिने गळ्यातून हात घातला, रुमाल बाहेर काढला, त्यानेच ओटा पुसला आणि परत जागेवर ठेवला. “काप गेले आणि भोकं राहिली,” आमच्याकडे बघून म्हणाली, “हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, नंतर भांडी आहेत.” आम्ही हसलो. भीतीने हसलो, पण हसलो. पाच वर्षं गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरने सांगितलं, सुटलात. तिने फाइल माळ्यावर टाकली आणि तो विषय कायमचा बंद केला.

आता आमच्या टेबलाची रीत सांगते. मुलं जेवून गेली की आम्ही अकरा जण लांब टेबलाला बसायचो. बाईचं ताट शेवटी वाढलं जायचं आणि ते मी वाढायची. सगळ्यांसारखं पूर्ण ताट: दोन पळ्या भात, एक पळी डाळ, भाजी, पाव. ती सगळ्यांसमोर जेवायची आणि झाल्यावर ताट टेबलावर पालथं घालायची. खाली कधी थेंब पडला नाही. दोनशे वीस जणांना जो दंडक, तो तिला स्वतःला आधी. म्हणून तिच्याविरुद्ध कुणाला तोंड उघडता यायचं नाही.

गेल्या वर्षी ते ताट अडखळायला लागलं. सगळ्यांत आधी मला दिसलं. चार घासांनंतर ती थांबायची, बरगडीखाली हात दाबून धरायची, ढेकर येतोय असं दाखवायची. मग पाण्याबरोबर एकेक घास ढकलायची. आम्ही भांडी घासून मोकळे व्हायचो, तरी ही बसलेलीच. ताट मात्र पालथं व्हायचं. मग ती कोठीच्या मागे जायची आणि नळ सोडायची. नळाच्या आवाजात ओकण्याचा आवाज लपतो असं तिला वाटत असावं. मी त्याच नळाशी ओकलेली बाई. मला कसा नाही कळणार?

एक दिवस मी वाढायला वाकले तर ती ओठ न हलवता म्हणाली, “अर्धंच वाढ.”

मला स्वच्छ ऐकू आलं. तरी मी सरळ उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, “काय म्हणालात बाई?”

टेबलावरचे सगळे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझं तोंड पाहिलं असेल.

“काही नाही. वाढ.”

मी वाढलं, दोन पळ्या, दाबून. वाईट वाटलं का? खरं सांगते, पहिल्या महिन्यात नाही वाटलं. रोज दुपारी ते ताट वाढताना माझ्या हाताला एक गोडी यायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मला तो सुंभ जळताना बघायचा होता.

मग एका सकाळी तिच्या अ‍ॅप्रनची नाडी पाठीमागे न बांधता पुढे आणून बांधलेली दिसली. पूर्वी जेमतेम पुरायची ती नाडी आता कमरेला वेढा घालून पोटावर गाठ मारण्याइतकी उरत होती. मी ते बघितलं आणि हातातली पळी खाली ठेवली. सूड घ्यायचा होता, जीव घ्यायचा नव्हता. मीच तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन महिने त्या झाल्या, पित्त तिथेच. मग मोठ्या हॉस्पिटलात पोटात दुर्बीण घातली.

दुर्बीण घालणारी डॉक्टर तरुण होती, पण डोकं ठिकाणावर होतं. तिने आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. “तपासणीला काढलेले तुकडे स्वच्छ आलेत. पण पोटाची भिंत मला ताठ वाटते. हवा भरली तरी फुगायला हवं तसं फुगत नाही. आधी कुठला मोठा आजार?”

“होता. छातीचा. बारा वर्षं झाली,” बाई म्हणाली. “संपलं ते.”

“असेल. तरी मी मनात ठेवते.” डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं. “असं करू, चार दिवस दाखल व्हा. इथलं जेवण किती जातं त्याची नोंद ठेवू. जात नसेल तर भूल देऊन खोलवरचे तुकडे घेईन, ते उगाच घेत नाहीत, त्यात धोका असतो. जात असेल, तर गोळ्यांवर घरी. म्हणून खाल्लं तेवढंच सांगायचं, बळंबळं खायचं नाही. कळलं ना?”

“कळलं,” मी म्हणाले. बाईने मान हलवली. आम्हा दोघींना कळलं होतं, हे लक्षात ठेवा.

लेकीला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून संस्थेतून चार दिवसांची रजा काढून मी सोबतीला राहिले. खिडकीजवळची खाट, पायथ्याशी दोरीला लटकवलेलं जेवणाचं कार्ड, त्यावर रकाने: पूर्ण, अर्धं, काही नाही. दुपारी ताटांची गाडी खडखडत आली आणि गाडी ढकलणारी बाई आमच्या खाटेशी थांबली. तिने बाईकडे पाहिलं, बाईने तिच्याकडे. मीही तिला ओळखलं.

ही गाडीवाली नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे भांड्याला होती. एका मुलीची दाढ काढलेली, गाल सुजलेला, जेवण काही जाईना. खिडकीतून ताट दोनदा परत आलेलं. गाडीवालीने ते मागच्या बाजूने घेतलं आणि गुपचूप नळाखाली धुऊन टाकलं. संध्याकाळी बाईला मोरीच्या जाळीत भात सापडला. “कुणी धुतलं?” विचारलं, हिने खरं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली. दोन लहान मुलं होती तिला. जाताना ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण मला माझी नोकरी प्यारी होती.

आता तिने ताट खाटेवरच्या फळीवर ठेवलं. भात, उकडलेला बटाटा, सूप, पाव. “अर्ध्या तासाने घ्यायला येते,” म्हणाली आणि गाडी पुढे ढकलली.

बाईने तीन चमचे सूप घेतलं, एक घास भात. मग चमचा ठेवला. कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, “असू दे बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, जेवढं जाईल तेवढंच.”

ती दाराकडे बघत होती. गाडीचा खडखडाट कॉरिडॉरच्या टोकाहून परत फिरला होता.

“पळी, बस. खा.”

“मी?”

“तिच्या हातात मी उष्टं ताट देऊ? तिच्या?” आवाज तोच, खिडकीतला. “नऊ वर्षं ती याच दिवसाची वाट बघत असेल. बस म्हणते ना.”

“पण बाई, कार्डावर...”

“कार्ड गेलं खड्ड्यात. खा.”

मी खाल्लं. तुम्ही म्हणाल, तू काय कुक्कुलं बाळ होतीस? नव्हते. त्रेचाळीस वर्षांची घोडी होते आणि डॉक्टरचं बोलणं या दोन कानांनी ऐकलेलं होतं. पण एकोणीस वर्षं मी त्या आवाजावर जेवले होते, माझं तोंड माझ्या आधी उघडलं. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना लाज वाटते. जी बाई उष्टं कुत्र्याला घालावं म्हणायची, ती मला तिचं उष्टं खा म्हणून विनवत होती. हुकूम होता तो, पण आत विनवणीच होती. ती माझ्या हातात आली होती आणि मला ते आवडलं.

गाडीवाली आली. मी नुकतंच तोंड पुसलं होतं, हनुवटीला सूप लागलेलं नंतर आरशात दिसलं. तिने ताट उचललं, उजेडाकडे तिरपं केलं आणि कार्डावर “पूर्ण” लिहिलं.

चार दिवस, बारा जेवणं. बाई दोन घास खायची, उरलेलं मी. गाडीवाली यायची, ताट तिरपं करायची, पूर्ण लिहून निघून जायची. तिसऱ्या दिवशी मला वाटलं आता सांगावं. डॉक्टरच्या खोलीपर्यंत गेलेही. दारावर टकटक करायला हात उचलला आणि मागून बाईची हाक आली, “पळी, जेवण आलं गं.” मी परत फिरले. लेकीचा फोन आला तर बाईने माझ्या हातात दिला. “मावशी, आई जेवते ना नीट?” “हो गं, ताट अगदी पुसून,” मी म्हटलं. आणि बाई उशीवर डोकं टेकवून गालात हसली. अळीमिळी गुपचिळी.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरने कार्ड हातात घेतलं. बोटाने रकाना वरपासून खालपर्यंत तपासला.

“बाराच्या बारा पूर्ण? छान की. मग माझाच अंदाज चुकला म्हणायचा.” तिने आमच्याकडे पाहिलं, जरा वेळ घेऊन पाहिलं. “खरंच जातंय ना?”

“ताट बघा,” बाई म्हणाली.

घरी पाठवलं. सोबत पित्ताच्या गोळ्या, भूक लागायचं औषध आणि मन प्रसन्न ठेवायचा सल्ला.

त्यानंतर दहा आठवडे गेले. तीन आठवडे ती खिडकीत उभी राहिली, मग स्टुलावर बसली, मग आलीच नाही. मी टेबलावर आता तिला न विचारता अर्धं वाढत होते आणि तेही जात नव्हतं. मग पाणीही पोटात ठरेना. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि हातपाय काड्या. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तीच डॉक्टर. या वेळी तिने कार्ड लावलं नाही, दुसऱ्याच दिवशी भूल देऊन खोलवरचे तुकडे घेतले.

लेक आली होती. डॉक्टरने खाटेजवळ स्टूल ओढलं आणि सरळ सांगितलं. “हा पोटाचा आजार नाही. छातीचाच आहे, बारा वर्षांपूर्वीचा. यातल्या काही पेशी गाठ करत नाहीत. एकेक करून भिंतीत शिरतात आणि वरचं अस्तर जसंच्या तसं ठेवतात. म्हणून वरवरचे तुकडे स्वच्छ आले. आता पोट आणि आतडं दोन्ही धरलंय.”

“इतक्या वर्षांनी?” लेक म्हणाली.

“येतो. क्वचित, पण येतो.”

“मग आता?”

“इंजेक्शनं सुरू करते. पण अंगात ताकद राहिलेली नाही, खोटी आशा लावणार नाही.” डॉक्टर थांबली. “मागच्या वेळी हे कळलं असतं तर बरं झालं असतं. पोटात गोळी राहत होती तेव्हा. गोळ्यांवर काहींची दोन-तीन वर्षं निघतात. मला तेव्हाच शंका होती. पण बारा जेवणं पूर्ण होती, त्याचा अर्थ मला अजून लागत नाही. या भिंतीच्या पोटात एक ताट मावणं शक्य नाही. ती जेवणं गेली कुठे?”

मी तोंड उघडलं. मी सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण बाईचा हात चादरीखालून निघाला आणि बोट माझ्याकडे वळलं.

“हिने खाल्ली.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. लेकीने पाहिलं.

“मावशी?” लेक म्हणाली. “तुम्ही मला फोनवर सांगितलंत, पुसून खाते म्हणून.”

“बाईंनीच सांगितलं खायला,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

“मी सांगितलं,” बाई म्हणाली. एकेका शब्दाला श्वास घेत होती. “मी आजारी होते, मला कुठली अक्कल? मी उद्या विहिरीत ढकल म्हणेन. तू धडधाकट होतीस. तू कशाला खाल्लंस?”

याला उत्तर होतं का? तुमच्याकडे असेल तर सांगा, मी अजून शोधते आहे. डॉक्टर उठून गेली. लेकीने त्यानंतर माझ्याशी शब्द टाकला नाही. आई गेल्यावर पाणीसुद्धा दुसऱ्या बाईकडून मागून घेतलं.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले तर गाडीवाली ताटं रचत होती. मला कुणावर तरी फुटायचं होतं, ती समोर सापडली.

“तुला दिसत होतं,” मी म्हटलं. “मी खात होते ते तुला दिसत होतं. माझ्या तोंडाला सूप लागलेलं असायचं. तरी तू पूर्ण लिहीत होतीस?”

“दिसत होतं की.” तिने ताटावर ताट ठेवलं. “पहिल्याच दिवशी दिसलं.”

“मग? नऊ वर्षांचा सूड घेतलास?”

ती हसली नाही, चिडलीही नाही. “सूड घ्यायला मला वेळ कुठाय ताई, बावन्न खाटा आहेत. ताट बघायचं, तोंड बघायचं नाही, हे मी कुठे शिकले ते तुम्हाला माहीत आहे. एकदाच तोंड बघितलं होतं, त्या दाढेच्या पोरीचं. त्याचं काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुम्हीही तिथे उभ्या होतात.”

गाडी खडखडत गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले, मग आत गेले. दुसरं कुठे जाणार होते?

खाटेवर आता पाटी लागली होती: तोंडाने काही नाही. नाकातून नळी, हाताला सलाईन. ताटांची गाडी आमच्या खाटेशी न थांबता पुढे जायची आणि बाई ती जाईपर्यंत बघत राहायची. लेक दुपारी घटकाभर झोपायला जायची तेव्हा मी बसायची. पाचव्या दिवशी बाईने मला जवळ बोलावलं.

“उद्या येताना ताट आण. आपल्याकडचं. कप्प्यांचं.”

“बाई, तुम्हाला तोंडाने काही...”

“मला नाही. तू खा. मला बघायचंय.”

मी म्हटलं, जमणार नाही. म्हटलं, मारा मला, शिव्या द्या, पण हे नको. ती नुसती बघत राहिली. वजन पस्तीस किलो, पण नजर तीच, खिडकीतली. दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले. दोन पळ्या भात, डाळ, भाजी, पाव. खाटेशी स्टुलावर बसून तिच्यासमोर जेवले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातून येत होतं, आणि मी खात होते. ती प्रत्येक घासाबरोबर स्वतःचा कोरडा घसा गिळायची. भातात मीठ जास्त झालंय का, डाळ कुणी केली, भाजी कोण चिरतं आता, हे सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. तिला बरं वाटत होतं की ती मला फाडून खात होती, ते मला तेव्हाही कळलं नाही. दोन्ही असेल.

नऊ दिवस मी तशी जेवले. रोज वाटायचं, आज ती म्हणेल, बास झालं, जा. एकदा तरी माफ केलं म्हणेल, किंवा निदान शाप तरी देईल. तिने दोन्ही केलं नाही.

नवव्या दिवशी तिचे डोळे बहुतेक मिटलेलेच होते. लेक बाहेर फोनवर होती. मला वाटलं झोप लागली आहे, म्हणून घाईघाईने चार घास घेतले, पाव गिळला आणि ताट पिशवीत घालायला उचललं. चादरीवरचा तिचा हात हलला. मनगट इतकं बारीक झालं होतं की हॉस्पिटलची पट्टी कोपरापर्यंत घसरायची. तिने बोटाने खूण केली, इकडे आण. मी ताट तिच्या तोंडासमोर धरलं. तिने डोळे उघडले, ते उजेडाकडे तिरपं व्हायची वाट बघितली. मी तिरपं केलं.

तिने बराच वेळ पाहिलं. मग ताटावरून नजर उचलली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. आता ती बोलेल, जे काय बोलायचं ते बोलेल.

“कडेला राहिलंय,” ती म्हणाली.

डाळीचा एक ओघळ होता, वाळत आलेला. मी तो बोटाने पुसला आणि तिच्यासमोर चाटून खाल्ला. तिने डोळे मिटले. संध्याकाळी पुन्हा गाडी आली आणि खाट रिकामी म्हणून न थांबता पुढे गेली.